‘मॉरोविंड’ आणि त्याच्या दोन पुरवण्या : वार का लागत नाहीत आणि मारेकरी झोपेतच का येतात

लातूरच्या एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने पाठवलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्याने ‘द एल्डर स्क्रोल्स’ मालिकेतला तिसरा खेळ, म्हणजे ‘मॉरोविंड’, ‘ट्रायब्युनल’ आणि ‘ब्लडमून’ या दोन्ही पुरवण्यांसह, म्हणजे खेळाला मागाहून जोडलेल्या भागांसह, सवलतीत विकत घेतला. पहिले तीन दिवस साध्या खेकड्यानेही त्याला दाद दिली नाही, कुठे जायचे हे नकाशावर कुठेच दिसेना, आणि चौथ्या दिवशी सरायीत झोपला असता काळ्या वेशातल्या एका मारेकऱ्याने त्याला दोन घावांत संपवले. तलवार डोळ्यांदेखत समोरच्याच्या अंगातून जात असूनही वार का लागत नाही, पुरवण्या आत्ता चालू ठेवाव्यात की बंद कराव्यात, आणि 2002 सालच्या या ओबडधोबड खेळात तुम्हा जुन्या लोकांना अजून एवढे काय दिसते, असे त्याने विचारले आहे.

मी परभणीचा. संगणक दुरुस्तीच्या दुकानात काम करत असताना 2004 च्या उन्हाळ्यात हा खेळ पहिल्यांदा लावला, आणि तेव्हापासून तो खेळणे, त्याच्यासाठी छोटी मॉड्स, म्हणजे खेळात बदल किंवा भर करणाऱ्या फायली, तयार करणे आणि इतरांच्या बिघडलेल्या मॉड्सची दुरुस्ती करणे हे माझे अखंड चालू आहे. तेव्हा पहिल्या तीन दिवसांत तुमचे जे झाले ते माझेही झाले होते, हे आधी सांगून टाकतो.

वाराचे गणित आधी पाहू, कारण कितीतरी लोक खेळ इथेच सोडतात. ‘मॉरोविंड’ दिसतो डोळ्यांसमोरच्या मारामारीचा खेळ, पण आतून तो फासे टाकून खेळण्याच्या जुन्या टेबलावरच्या खेळांचा वारसदार आहे. तुम्ही माउसचे बटण दाबता तेव्हा तलवार फिरते, परंतु ती लागली की नाही हे नजरेने ठरत नाही, पडद्यामागे पडणाऱ्या फाशाने ठरते. त्या फाशाचा हिशेब साधा आहे: त्या शस्त्राचे तुमचे कौशल्य, अधिक चपळाईचा पाचवा भाग, अधिक नशिबाचा दहावा भाग, आणि या बेरजेला दमाच्या प्रमाणात 0.75 ते 1.25 पर्यंतच्या आकड्याने गुणायचे. येईल त्यातून समोरच्याची वार चुकवण्याची क्षमता वजा होते.

आता तुमचे काय झाले असणार ते या हिशेबात घालून पाहू. सुरुवातीला जकात-जनगणनेच्या कचेरीत टेबलावर एक लोखंडी खंजीर पडलेला असतो. तो सगळेच उचलतात. पण तुम्ही पात्र निवडताना लांब तलवार किंवा कुऱ्हाड हे मुख्य कौशल्य धरले असेल, तर खंजिराचे, म्हणजे आखूड पात्याचे, तुमचे कौशल्य अवघे 5 असू शकते. चपळाई 40 आणि नशीब 40 धरले तर बेरीज होते 5 अधिक 8 अधिक 4, म्हणजे 17. दम पूर्ण असेल तर 21 टक्के, आणि तुम्ही गावापासून धावत धावत येऊन दम दाखवणारी हिरवी पट्टी रिकामी केली असेल तर 13 टक्के. आठ वारांत एक लागणार, तोही समोरचा अगदी ढिम्म उभा असेल तर. याउलट जे शस्त्र मुख्य कौशल्यांत आहे आणि ज्यात वंशाची भर मिळून कौशल्य 40 पर्यंत गेले आहे, ते हातात घेऊन चालत, दम राखून लढलात, तर तोच आकडा 65 वर जातो. खेकडा तोच, तुम्हीही तेच, फक्त हातातले शस्त्र आणि छातीतला दम बदलला.

म्हणून पहिला उपाय म्हणजे नवीन पात्र तयार करा आणि एकच शस्त्र मुख्य कौशल्यांत ठेवून तेच वापरा. दुसरा उपाय त्याहून महत्त्वाचा आहे: लढाईच्या आधी धावू नका. या खेळात धावण्याने दम खर्च होतो, आणि दमाचा परिणाम फक्त वारावर नाही, मंत्र साधण्यावर आणि कुलूप उघडण्यावरही होतो. इतकेच काय, व्यापाऱ्याशी घासाघीस करतानाही दमलेल्या माणसाला भाव कमी मिळतो. आठवड्याच्या बाजारात धापा टाकत पोचलेल्या गिऱ्हाइकाला शेतकरी बरोबर ओळखतो. खेळाच्या रचनाकारांना ही गोष्ट कुठून कळली कोण जाणे.

आता तुमच्या दुसऱ्या तक्रारीकडे वळतो. तुम्ही तिला दोष म्हणता आणि माझ्या मते खेळाचे सगळे मर्म तिथेच आहे. कुठे जायचे ते नकाशावर दिसत नाही. बरोबर आहे, दिसत नाही, कारण ‘मॉरोविंड’ मध्ये वाट दाखवली जात नाही. वाट सांगितली जाते.

उदाहरण घेऊ. बालमोरा गावात पोचून तुम्ही केयस कोसेडस नावाच्या, अंगात सदरा नसलेल्या म्हाताऱ्या हेराला पाकीट दिले की तो तुम्हाला आधी पोटापाण्याचे बघायला सांगतो, आणि मग हॅसफाट अँटाबोलिस या माणसाकडे पाठवतो. हा हॅसफाट माहिती देण्याच्या बदल्यात एक काम सांगतो: आर्कंगथांड नावाच्या पडीक वास्तूतून, ड्वेमर या नाहीशा झालेल्या लोकांनी घडवलेली एक कोड्याची पेटी आणायची. तो पत्ता कसा देतो? मूनमॉथच्या किल्ल्यावरून पुढे जा, फोयाडावरचा ड्वेमरांचा जुना पूल लागेल, तो ओलांडा, चढ चढा, आणि वास्तूचे दार थेट उघडणार नाही, जवळच्या नळीवरची तोटी फिरवावी लागेल. फोयाडा म्हणजे ज्वालामुखीचा लाव्हा वाहून गेल्यावर मागे राहिलेली कोरडी घळ. ही सगळी माहिती तुमच्या रोजनिशीत उतरते आणि पुढचे तुमच्यावर सोपवले जाते.

तुम्ही लातूरचे आहात. औसा सोडून एखाद्या आडगावी जायचे असेल आणि पारावरच्या माणसाला विचारले तर तो काय सांगतो? ‘सरळ जा, ओढा लागेल, ओढ्याच्या अलीकडे नाही, पलीकडे चिंच आहे, तिथून उजव्या हाताला.’ त्या माणसाच्या सांगण्यात त्याचे गाव असते. त्याला काय महत्त्वाचे वाटते, तो कुठल्या खुणेने चालतो, हे सगळे त्यात येते. बाण दाखवणाऱ्या खेळात तुम्ही बाणाकडे पाहत चालता आणि पोचल्यावर वाटेत काय होते ते आठवत नाही. इथे पूल शोधायचा म्हणून तुम्ही घळीकडे बघता, घळीकडे बघता म्हणून तिच्या काठावरची राखेने करपलेली झाडे दिसतात, आणि घळ जिथून येते त्या दिशेला मान वर केली की धुरकट आकाशात तांबडा पर्वत दिसतो, जिथे खेळाचा शेवट तुमची वाट पाहत बसलेला आहे. पत्ता शोधता शोधता अख्खी कथा नजरेखालून जाते, आणि तुम्हाला वाटत राहते की आपण नुसती पेटी शोधत आहोत.

ती पेटी मला दोन संध्याकाळी सापडली नव्हती. आर्कंगथांडच्या आतले सगळे दरोडेखोर मारून झाले, भिंतीला भिंत लावून फिरून झाले, आणि शेवटी कळले की आतल्या एका खोलीत शेल्फवर इतर भांड्यांच्या मध्ये एक छोटासा चौकोनी ठोकळा आहे, तीच पेटी. मी एखादी संदूक शोधत होतो. त्या काळी आमच्याकडे भारनियमन दिवसाला कितीतरी तास असे. यूपीएसची शिटी वाजली की डावा हात आपोआप एफ-5 वर जाई, कारण त्या एका कळीने खेळ जतन होतो, आणि मग अंधारात बसून मी मनातल्या मनात त्या वास्तूच्या खोल्या पुन्हा चालत असे. पेटी मला प्रत्यक्षात तिथेच सापडली, म्हणजे वीज नसताना आठवले की शेल्फवर काहीतरी वेगळे चमकले होते.

एक प्रामाणिक सूचनाही देतो: काही ठिकाणी पत्तेच चुकीचे आहेत, पूर्वेऐवजी पश्चिम सांगितलेली आहे किंवा अंतर फार कमी सांगितले आहे. पारावरचा माणूसही कधी कधी चुकतो, पण इथे ती कला नव्हे, घाईत राहिलेली चूक आहे, आणि तिचे समर्थन करण्याचे मला काही कारण दिसत नाही. अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ गेला तर खुशाल कुठेतरी शोधून बघा. तशीच रोजनिशीचीही गत. मूळ खेळात ती फक्त तारखेप्रमाणे लिहिली जाते, त्यामुळे तीनशे पानांनंतर जुने काम शोधणे म्हणजे तलाठ्याच्या दप्तरात फेरफार शोधण्यासारखे होते. ‘ट्रायब्युनल’ पुरवणीने हे दुरुस्त केले. ती बसवल्यावर रोजनिशीतली कामे नावाप्रमाणे वेगळी दिसतात. पुरवणी बसवून ठेवण्यासाठी मला एवढे एकच कारण पुरेसे आहे.

प्रवासाचे फार बोलत नाही. एसटीची सवय असलेल्या माणसाला ते पाच मिनिटांत कळेल. सिल्ट स्ट्रायडर नावाचे प्रचंड किडे ठरावीक गावांमध्येच चालतात, होड्या किनाऱ्याच्या गावांना जातात, पाच ठिकाणच्या मांत्रिकसंघांत एकमेकांकडे क्षणात पोचवणारी सोय आहे, आणि थेट गाडी नसेल तर मध्ये उतरून बदलावी लागते. ‘मार्क’ आणि ‘रिकॉल’ हे दोन मंत्र मात्र लवकर शिका. एका जागी खूण करून ठेवायची आणि कुठूनही तिथे परत यायचे. क्लिफ रेसर नावाचे पक्षी वाटभर छळतील. त्याला इलाज नाही.

सेडा नीन या सुरुवातीच्या गावातून बाहेर पडल्यावर रस्त्यावर थोडे थांबा, ही माझी एक वैयक्तिक विनंती. आकाशातून किंकाळी ऐकू येईल आणि टारहील नावाचा एक वनवासी एल्फ तुमच्या पुढ्यात आदळून मरेल. त्याच्या खिशात त्याची टिपणवही आणि तीन गुंडाळ्या सापडतात. त्यातली एक वाचली की सात सेकंद तुमच्या उडी मारण्याच्या कौशल्यात 1000 ची भर पडते, म्हणजे तुम्ही बेटाच्या अर्ध्या भागावरून उडता. पण सात सेकंद संपल्यावर खाली यायचे असते, आणि टारहीलने नेमका तेवढाच विचार केलेला नव्हता. तुम्ही दुसरी गुंडाळी जमिनीवर पोचायच्या आधी वाचाल तर वाचाल. या प्रसंगाला कुठलेही काम जोडलेले नाही, बक्षीस नाही, रोजनिशीत नोंद नाही. वस्तू तुमच्या हातात देऊन खेळ बाजूला होतो. तुमचा तिसरा प्रश्न, आम्हाला यात काय दिसते, याचे बरेचसे उत्तर या पडलेल्या एल्फच्या खिशात आहे.

उरलेले उत्तर इतिहासात आहे. याच मालिकेतला आधीचा ‘डॅगरफॉल’ 1996 साली आला, त्याचा प्रदेश अवाढव्य होता, पण बहुतेक गणिताने निर्माण केलेला. ‘मॉरोविंड’ च्या वेळी बेथेस्डा या खेळ तयार करणाऱ्या कंपनीने उलटे केले: व्हार्डेनफेल हे एकच बेट घेतले आणि त्यातली वस्तू न वस्तू हाताने मांडली. आणि त्या बेटाला परकी सत्ता दिली. साम्राज्याचे किल्ले आणि कचेऱ्या आहेत, त्यांच्या शेजारी स्थानिक मंदिराची सत्ता आहे, तीन बडी घराणी आपापले हितसंबंध सांभाळून आहेत, आणि राखेच्या माळावर पालात राहणारे अ‍ॅशलँडर या सगळ्यांनाच उपरे मानतात. तुम्ही ज्या कचेरीत पहिले पाऊल ठेवता ती जकात-जनगणनेची कचेरी आहे, हा योगायोग नाही.

तांबड्या पर्वतावर हजारो वर्षांपूर्वी नेमके काय झाले, नेरेव्हार या प्राचीन सेनानीला कोणी मारले, याची मंदिराची एक कथा आहे, अ‍ॅशलँडरांची दुसरी, आणि मंदिरातल्या देवांपैकी एक असलेला व्हिवेक स्वतः तिसरी सांगतो. खेळ शेवटपर्यंत निकाल देत नाही. खलनायक डॅगोथ उर तुमच्याशी सभ्यपणे बोलतो, तुम्हाला प्रश्न विचारतो, आणि परकी सत्ता हाकलून लावण्याचा त्याचा मुद्दा ऐकताना क्षणभर थांबायला होते. आमच्या आजोबांकडे जमिनीचे जुने कागद उर्दूत होते, त्यांच्या तोंडी निजामाच्या राजवटीची एक हकिकत होती, शेजारच्या आळीतल्या त्यांच्याच मित्राच्या तोंडी त्याच वर्षाची अगदी निराळी, आणि शाळेच्या पुस्तकात तिसरीच. मराठवाड्यात वाढलेल्या माणसाला ‘खरे काय झाले’ या प्रश्नाला तीन उत्तरे असू शकतात हे कोणी शिकवावे लागत नाही. त्यामुळे परदेशी खेळाडूंना जिथे गोंधळ वाटतो, तिथे मला घरी आल्यासारखे वाटले.

भाषेची अडचण मात्र खरी आहे. या खेळात संवाद जवळजवळ सगळे लिखित आहेत; पात्रे तोंडाने एखादे अभिवादन किंवा शिवी देतात, बाकी विषय निवडून वाचायचे. मी मराठी माध्यमाचा. पहिल्या महिन्यात मांडीवर शब्दकोश ठेवून खेळलो. उपऱ्याला स्थानिक लोक ज्या ‘एन्वाह’ शब्दाने हिणवतात, तो अर्थातच शब्दकोशात सापडला नाही, पण त्याचा अर्थ सुरावरून पहिल्याच दिवशी कळला होता. तुम्ही अभियांत्रिकीला आहात, तुम्हाला इतके जड जाऊ नये. घाई मात्र करू नका, कारण वाक्य गाळले तर वाट चुकते.

आता पुरवण्यांकडे. तुम्ही परीक्षेत हे नक्की पाहिले असेल की मूळ उत्तरपत्रिका अर्धी कोरी असताना पुरवणी मागणाऱ्याकडे पर्यवेक्षक कसा बघतो. ‘ट्रायब्युनल’ नोव्हेंबर 2002 मध्ये आली आणि ‘ब्लडमून’ जून 2003 मध्ये, आणि दोन्ही त्या लोकांसाठी केलेल्या होत्या ज्यांची मूळ उत्तरपत्रिका केव्हाच भरून झाली होती. तुम्ही आज तिन्ही एकदम विकत घेता, त्यामुळे पुरवणी पहिल्या पानालाच टाचलेली मिळते. मारेकऱ्याचे मूळ इथे आहे. ‘ट्रायब्युनल’ ची कथा सुरू व्हावी म्हणून रचनाकारांनी अशी युक्ती केली की खेळाडू झोपला की डार्क ब्रदरहुड या टोळीचा मारेकरी त्याच्यावर चालून येईल. पण त्या युक्तीत तुमची पातळी बघण्याची अटच घातलेली नाही. पातळी 1 वर, हातात लोखंडी खंजीर घेऊन झोपलेल्या माणसावरही तो येतो.

यात दुहेरी नुकसान आहे. एक तर नवा खेळाडू मरतो; आणि दुसरे, तो चुकून जिंकला तर त्याहून वाईट, कारण मारेकऱ्याच्या अंगावरचे हलके चिलखत सुरुवातीच्या मानाने फार भारी आणि फार महाग आहे. ते घातले किंवा विकले की पहिल्या पंधरा तासांतली गरिबी, जी या खेळाची खरी गोडी आहे, एका रात्रीत संपते. म्हणून माझा सल्ला असा की दोन्ही पुरवण्या बसवून ठेवा, रोजनिशीसाठी आणि सुधारणांसाठी त्या हव्यातच, पण हा हल्ला पुढे ढकलणारे एखादे छोटे मॉड टाका. अशी मॉड्स अनेक आहेत आणि त्यातले कुठलेही चालेल. मॉड नको असेल तर जखमा बऱ्या करायला झोपेऐवजी काढे वापरा, आणि झोपायचेच झाले तर झोपण्यापूर्वी खेळ जतन करा.

‘ट्रायब्युनल’ बद्दल माझे मत फारसे चांगले नाही, हे स्पष्ट सांगतो. एबनहार्टच्या किल्ल्यातून तुम्हाला मंत्राने मोर्नहोल्ड या राजधानीत पोचवले जाते. शहर देखणे आहे, पण तटबंदीत बंद आहे. तिथे हवेत तरंगण्याचा मंत्र चालत नाही, कारण आतून पाहिले तर ते मोकळे आकाश नसून छत काढलेल्या चार-पाच मोठ्या खोल्याच आहेत. खेळ घडवण्याचे संपादक-सॉफ्टवेअर उघडून पाहिल्यावर मला पहिल्यांदा ते कळले आणि थोडे फसवल्यासारखे वाटले. चालत येण्याची वाट नाही, त्यामुळे वाट सांगण्याचीही गरज नाही, आणि या खेळाचे जे बळ आहे तेच इथे काढून घेतलेले आहे. बराचसा वेळ शहराखालच्या गटारांत आणि भुयारांत जातो. अल्मालेक्सिया देवीची आणि सोथा सिल या देवाच्या घड्याळी नगराची कथा मूळ कथेनंतर वाचावी अशीच आहे. ज्यांची मंदिरातून पूजा होते त्यांचे उतरते दिवस त्यात दिसतात. म्हणून हिचा क्रम मूळ कथेनंतरच.

पण या पुरवणीत एक काम असे आहे की त्यासाठी मी तिला बरेच माफ करतो. मोर्नहोल्डच्या बाजारपेठेत एक नाटकमंडळी प्रयोग लावून बसलेली आहे आणि ऐन वेळी मुख्य नट गायब आहे. दिग्दर्शक तुमच्या हातात संहिता देतो. वाक्ये पाठ करायची आणि प्रेक्षकांसमोर उभे राहून, समोर येणाऱ्या पर्यायांतून आपले खरे वाक्य निवडायचे. परभणीत राज्य नाट्य स्पर्धेच्या आदल्या रात्री आमच्याही एका नटाने गाव सोडले होते आणि मला टॉर्चच्या उजेडात त्याची वाक्ये घोकावी लागली होती. मोर्नहोल्डला मी एकही वाक्य चुकलो नाही. परभणीला तीन चुकलो.

‘ब्लडमून’ ही खरी पुरवणी. खूल या उत्तरेकडच्या गावातून होडी पकडायची आणि सोल्सथाइम या बर्फाच्या बेटावर उतरायचे. इथे मोकळे आकाश आहे, चालण्याची वाट आहे, आणि पुन्हा लोक वाट सांगतात. प्राणी मात्र जबर आहेत, तेव्हा पातळी 20 च्या आसपास असल्याशिवाय जाऊ नका. मूळ कथेशी हिचा संबंध नसल्याने ती संपण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. लोक या पुरवणीचे नाव काढले की लांडगा-माणूस होण्याबद्दलच बोलतात. तो भाग ठीक आहे, एकदा करून बघा. चावा बसल्यावर तीन दिवसांची मुदत असते, आणि तेवढ्यात रोग बरा करणारा काढा घेतला तर सुटका होते.

माझ्या मते सोन्यासारखा भाग आहे रेव्हन रॉक. ईस्ट एम्पायर कंपनी नावाची व्यापारी कंपनी बेटावर खनिजासाठी वसाहत वसवते आहे आणि तुम्ही तिथे कामाला लागता. पहिल्या दिवशी ओसाड किनारा आणि चार माणसे. एक काम करता, मग सांगितले जाते की काही दिवसांनी या. तुम्ही दुसरीकडे भटकून परत येता तर घरांचे सांगाडे उभे असतात. पुन्हा येता तर भिंती. पुन्हा येता तर माणसे, भांडणे, चोऱ्या. गावात आधी लोहाराचे दुकान निघावे की किराणा व्यापाऱ्याचे, हे तुम्हाला विचारले जाते, आणि तुम्ही म्हणाल ते दुकान निघते. कंपनीतल्या दोन अधिकाऱ्यांत कोणाची बाजू घ्यायची तेही तुम्हीच ठरवायचे. औद्योगिक वसाहतीसाठी माळ सपाट होताना, मग तिथे चहाची टपरी, मग पंक्चरचे दुकान, मग बँकेची शाखा येताना मी डोळ्यांनी पाहिले आहे. खेळात ती गोष्ट इतक्या शांतपणे घडताना मला पुन्हा कुठे सापडलेली नाही.

तांत्रिक बाबी थोडक्यात उरकतो. खेळ विंडोजच्या ‘प्रोग्रॅम फाइल्स’ फोल्डरमध्ये बसवू नका. तिथे परवानगीच्या भानगडीत मॉड्स नीट बसत नाहीत. साधा फोल्डर करा, आणि सुरू करण्यापूर्वी मॉरोविंड, ट्रायब्युनल आणि ब्लडमून या तिन्ही मूळ फायलींसमोर खुणा आहेत ना ते पाहा. खेळाच्या मूळ यंत्रणेत (इंजिनमध्ये) राहायचे असेल तर ‘मॉरोविंड कोड पॅच’ लावा, जुन्या चुका त्याने जातात. लिनक्स वापरत असाल तर ‘ओपनएमडब्ल्यू’ घ्या: ही स्वयंसेवकांनी नव्याने लिहिलेली, मोफत आणि खुली यंत्रणा आहे, तिला फक्त तुम्ही विकत घेतलेल्या खेळाच्या फायली द्यायच्या. पहिल्या खेपेला दिसण्यासाठीची शंभर मॉड्स टाकू नका. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या दहांतल्या आठ तक्रारी तिथूनच सुरू होतात. ‘टॅम्रिएल रिबिल्ट’ हा बेटापलीकडची मुख्य भूमी उभारण्याचा प्रकल्प स्वयंसेवक दोन दशकांहून अधिक काळ चालवत आहेत, आणि तो खुद्द खेळाच्या तोडीचा आहे, पण तुम्हाला त्याची गरज दोन वर्षांनी पडेल.

ही मॉड्स शक्य झाली याचे कारण असे की बेथेस्डाने संगणकावरच्या आवृत्तीसोबत ‘कन्स्ट्रक्शन सेट’ हा संपादक दिला होता, म्हणजे ज्या हत्याराने त्यांनी बेट घडवले तेच ग्राहकाच्या हातात. माझे पहिले मॉड म्हणजे बालमोराबाहेर बांधलेला एक वाडा होता, चौक, तुळशीवृंदावन आणि बळद असलेला. तुळस कुठून आणणार, म्हणून एक स्थानिक झुडूप लावले. पाटीवर मराठीत नाव टाकायचे मनात होते, पण मूळ खेळाच्या अक्षरसंचात (फॉन्टमध्ये) देवनागरीला जागाच नाही, तेव्हा पाटी कोरीच राहिली. तो वाडा माझ्या जुन्या जतन केलेल्या खेळात अजून आहे.

रेव्हन रॉकचे एक सांगायचे राहिले. 2012 साली ‘स्कायरिम’ या पाचव्या खेळाची ‘ड्रॅगनबॉर्न’ ही पुरवणी आली, आणि तिच्यात सोल्सथाइम बेट पुन्हा आले, दोनशे वर्षांनंतरचे. दरम्यान तांबडा पर्वत फुटलेला, बेटाचा दक्षिण भाग राखेने झाकलेला. होडीतून उतरलो तर धक्क्यावर गावाचे नाव ऐकू आले, रेव्हन रॉक. खाण बंद पडलेली होती. मी ‘ब्लडमून’ मध्ये जिथे लोहाराला दुकान दिले होते ती जागा शोधत अर्धा तास फिरलो, आणि अर्थातच काही ओळखू आले नाही.

तर आज रात्री नवे पात्र करा, एकच शस्त्र धरा, सेडा नीनच्या बाहेर किंकाळी ऐकू येईपर्यंत चालतच जा. आणि आर्कंगथांडमध्ये अडलात तर आधी शेल्फवर बघा, संदूक शोधू नका.